मोडाच्या गव्हाचं पीठ

२१ नोव्हेंबर

गणपतीत हे गेल्यापासून आत्यानं (सासूला मी आत्याच म्हणते) दुकानच्या पावाला हात लावलेला नाही. आज कुंदाच्या नवऱ्यानं कल्याणहून ह्यांच्या नेहमीच्या बेकरीची लादी आणून दिली. शेजारधर्म. मी पिशवी उघडायला घेतली तशी आत्यानं भिंतीकडे तोंड केलं.
"त्या पिशवीचा आवाज नको गो मला."
रोज संध्याकाळी तो आवाज यायचा. आधी पिशवी, मग चपला, मग "आई, चहा टाकलाय का". पोराच्या हातचा पाव चहात बुडवून खायचा, हेच तिचं रात्रीचं जेवण. वरचे दात गेले तेव्हापासून.
लादी कुंदाच्या घरी परत दिली. मुलांनी खाल्ली असेल.
आ.: सकाळी पेज दोन घास. दुपारी नाही. संध्याकाळी कोरा चहा.
मला काही वाटलं नाही. पिशवी वाजली, एवढंच.

२३ नोव्हेंबर

शहापूर. डॉक्टरांनी वजन केलं, पुन्हा केलं. काटा बिघडलेला नव्हता. म्हणाले, औषध देण्यासारखं काही नाही, पोटात काही गेलं पाहिजे. असं चाललं तर म्हातारी संक्रांत बघणार नाही, हे त्यांनी मला बाहेर बोलावून सांगितलं. काय आवडतं त्यांना? म्हटलं, पाव. मग पाव द्या की. मी मान हलवली. मान हलवायला काही लागत नाही.
परत येताना रिक्षात आत्या एकदम म्हणाली, "पाव घरात होतो का गो?"
गणपतीनंतर तिनं आपणहून विचारलेली ही पहिलीच गोष्ट. होतो म्हटलं.
मला पाव येत नाही. मला ब्लाऊज येतात.

२६ नोव्हेंबर

नाशिकहून वन्संनी त्यांचा जुना छोटा ओव्हन पाठवला. आईसाठी त्यांचा जीव तुटतो, रोज फोन. ओव्हनबरोबर लाडूही होते, ते आ.ला चावत नाहीत.
पाव केला. मैदा, यीस्ट, साखर, मीठ, तेल. मोबाइलमधली बाई म्हणाली, तासाभरात पीठ दुप्पट होईल. तिच्या गावाला होत असेल. आमच्याकडे थंडी पडलीय. फडक्याखाली जसं ठेवलं होतं तसंच राहिलं.
भाजून निघाला तो वरून टणक, आत चिकट. आत्यानं बशीत चहा ओतला, तुकडा बुडवला, वाट बघितली. तुकडा तळाशी जाऊन बसला. तिनं चहा तेवढा वरून पिऊन टाकला.
"बरा झालाय," म्हणाली. माणूस गेलं की लोक एकमेकांशी असंच बोलतात.

२७ नोव्हें.

पुन्हा. पाणी जास्त घातलं. पसरला.
आ.: पेज चार घास.

२९ नोव्हेंबर

धसईहून दादा आला, मोटरसायकलला दोन पिशव्या भाजी लटकवून. वांगी, दोडके, काकडी. एवढं कोण खाणार, म्हटलं. आणलं तर आणलं, म्हणाला. दादाला दुःख झालं की तो भाजी आणतो.
ओटीवर बसून बोलला. त्याचं वन्संशी बोलणं झालंय. मी धसईला यायचं, मशीन घेऊन. दुकानामागची खोली रिकामी आहे, बाजारगाव आहे, शिलाईचं काम भरपूर मिळेल. आत्याला वन्सं नाशिकला नेतील. घराला कुलूप. शेत तसंही अर्धेलीनं दुसऱ्याला कसायला दिलेलंच आहे.
"पण वंदे, आता म्हातारीला हलवायचं कसं? तुझ्या हातचा पाव सोडून काय मागत नाय ती. तर असं कर. एकदा पाव नीट जमला की त्यांना शिकव. तिकडं त्या करून घालतील. मग तू मोकळी."
बरं म्हटलं.
"सासू तुझी, पण आई त्यांची हाय ना?"
तेही बरं म्हटलं.
आत्या आत बाजेवर होती. बाज आणि ओटी यांच्यामध्ये कुडाची भिंत आहे. कुडातून सगळं ऐकू येतं.

१ डिसेंबर

मोकळी म्हणजे काय, याचा विचार करायला बसले होते. दुपारभर बसले. मग ब्लाऊजला चार हुक लावले.

२ डिसेंबर

कुंदाच्या नवऱ्यानं बेकरीत विचारलं, पाव एवढा मऊ कसा होतो. बेकरीवाला हसला. इम्प्रूव्हर टाकतो म्हणे. पांढरी पावडर असते, पोत्यात येते, किलो-पाव किलो कुणी देत नाही. त्यानं पीठ फुगतं, पाव हलका होतो, दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो.
म्हणजे इतकी वर्षं आम्ही त्या पावाचं कौतुक करत होतो ते पावडरीचं होतं. हे म्हणायचे, "चव आहे त्याच्या हाताला." ह्यांना सांगायला हवं होतं. हसले असते.
मोबाइलवर शोधलं. इम्प्रूव्हर घरी करता येतो. एकीनं सांगितलं, व्हिटॅमिन सीची गोळी चुरून घाला. दुसरीनं सुंठ. तिसरीनं दुधाची पावडर. चौथीचं लांबलचक होतं, ते नंतर बघते.

३ डिसें.

मेडिकलमध्ये व्हि. सी मागितलं. त्यानं चघळायच्या गोळ्या दिल्या, मी बघितलं नाही. एक चुरून पिठात. पाव केशरी झाला. घरभर संत्र्याचा वास.
आत्यानं हातात घेऊन उलटासुलटा बघितला. "औशद हाय का ह्यात?"
नाही म्हटलं. हो म्हणायला हवं होतं.
पण थोडा फुगला होता. खरंच. आता साध्या पांढऱ्या गोळ्या आणायच्या, अगदी चिमूटभर.

६ डिसेंबर

सुंठ. बाई म्हणाली होती पाव चमचा, माझ्या हातून चमचाभर पडली.
"कोनाला सर्दी झालीय का गो?"
हसू आलं असतं. येता येता राहिलं.
आ.: अर्धा तुकडा, तोही मला बरं वाटावं म्हणून. मग पाणी.
कुंदा म्हणते, तू रडून घे एकदा, वैनी. जणू मी मुद्दाम धरून ठेवलंय. कांदा चिरताना पाणी येतं. ते मोजत नाहीत.

८ डिसेंबर

चौथ्या बाईचा व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला. असली इम्प्रूव्हर म्हणजे मोडाच्या गव्हाचं पीठ. गहू भिजवायचे, मोड आणायचे, सावलीत वाळवायचे, दळायचे. मोड येताना गव्हात काहीतरी तयार होतं, ते यीस्टला खाऊ घालतं. त्यात दुधाची पावडर, चिमूटभर साधी व्हि. सी. झाली पावडर. पाव किलो मैद्याला सपाट अर्धा चमचा पुरे, जास्त झाली तर पाव आतून गिचगिचीत.
एक गोष्ट ती दोनदा म्हणाली. भाजायचं नाही. ऊनही कडक नको. आच लागली की सगळा गुण मेला.
गहू भिजत घातले.

९ डिसेंबर

गहू पंच्यात बांधून खुंटीला अडकवले. त्याच खुंटीवर ह्यांची कामाची बॅग असायची, ती आता कपाटावर आहे.
खाली थेंब पडत होते. आत्या बाजेवरून बघत होती. बराच वेळ.

१० डिसेंबर

न्हाणीतून आले तर पुरचुंडी ओली. मी पाणी मारलेलं नव्हतं. जमिनीवर खुंटीपासून बाजेपर्यंत ओल्या पावलांचे ठसे.
बघितलं नाही असं दाखवलं. उठून खुंटीपर्यंत गेली म्हणजे पाच-सहा पावलं चालली. न्हाणीचं सोडलं तर इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

११ डिसें.

मोड छान. सुपात पसरून माजघरात ठेवले.
अर्धेलीवाला येऊन गेला. भाताच्या जागी वाल पेरलेत, चांगले उगवलेत म्हणाला. बरं म्हटलं.

१३ डिसेंबर

खर्डीला ब्लाऊज द्यायला गेले होते. लग्नाचं घर, नवरीची आई ब्लाऊज घेऊन आत गेली ती आलीच नाही, दाराशीच उभी राहिले. त्यांचंही बरोबर आहे. लग्नाच्या घरात मला कुठे बसवतील.
येताना रस्त्यावरच वास आला. खमंग, गोडसर. आमच्याच घरातून.
आत्या चुलीपुढे बसलेली. कढईत माझे मोडाचे गहू. अर्धे भाजून जात्यात पडलेले, अर्धे उलथण्यानं हलवत होती. पदर खोचलेला. कपाळावर घाम. गणपतीनंतर तिला बसलेली अशी बघितलीच नव्हती, फक्त पडलेली किंवा टेकलेली.
"आत्या, हे भाजायचे नव्हते."
"सत्व कच्चं दळायचं नस्तं. पोराचं पोट बिघडतं."
कोणत्या पोराचं, विचारलं नाही. या गावात ज्यांना आज मिशा आहेत त्यातल्या निम्म्यांनी हिच्या हातचं सत्व खाल्लंय. नाचणीचं, गव्हाचं. बाळंतीण घरी आली की लोक हिच्याकडे पसाभर धान्य घेऊन यायचे. मोडाचं धान्य दिसलं की ते भाजायचं, हे तिच्या हाताला माहीत आहे. हाताला कोण सांगणार.
गुण मेला. म्हटलं, मरू दे. इतकं मेलंय, त्यात हे एक.

१४ डिसेंबर

तरी त्याच पिठाचा पाव केला. टाकून द्यायचं जिवावर आलं. एक चमचा जास्तच घातलं, नाहीतरी नुकसान काय व्हायचं होतं.
पाव बसका. पहिल्यासारखाच. रंग तेवढा तांबूस.
बशीत चहा, तुकडा तळाशी. आत्यानं वर ताटली झाकून ठेवली. मग उघडून बोटानं कालवला आणि शिऱ्यासारखा खाल्ला. सगळा. अख्खा पाव.
"ह्याला वास हाय," म्हणाली.
थोड्या वेळानं: "उष्टावन झालं का ह्येच देयची मी त्याला. चाटून पुसून खायचा."
"त्याला" म्हणजे कोण, ते आम्हां दोघींना माहीत. तिनं त्यांचं नाव घेतलं नाही, मीही नाही. बशी घासली.

१५ डिसें.

दादाचा फोन. आ.नं एक पाव खाल्ला म्हटलं.
"जमला म्हंजी?"
"नाही, बसकाच आहे. वीट झालीय."
"मंग नीट जमू दे. घाई नको. पन लांबवू पन नको."
दोन्ही कसं करायचं ते सांगितलं नाही त्यानं.

१७ डिसें.

गहू पुन्हा भिजत. आ. रोज एक बसका पाव. पेजही थोडी. बसून खाते.

२० डिसेंबर

सकाळी निघताना नीट सांगून गेले. "आत्या, सुपातले गहू भाजू नका. भाजले तर पाव फुगत नाही." "बरं," म्हणाली. पुन्हा सांगितलं. "बरं म्हटलं ना गो." शहापूरला अस्तराचं कापड घ्यायचं होतं.
आले तर तोच वास.
या वेळी सगळं उरकलं होतं. कढई घासून पालथी. पीठ डब्यात भरून, झाकण लावून. आत्या बाजेवर, हात पोटावर.
"इसरले."
इसरले. कुंदाच्या सासूची म्हैस कोणत्या अमावास्येला व्यायली ते हिला आठवतं. माझ्या लग्नात कुणी कुठल्या रंगाचं पातळ नेसलं होतं आणि जेवायला कोण आलं नाही, ते आठवतं. सकाळी सांगितलेलं दुपारी इसरली.
पहिल्यांदा सवय. दुसऱ्यांदा?
विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, मग मला काहीतरी करावं लागलं असतं.

२१ डिसें.

पाव बसका. आ.: दीड. सकाळी वजनाला चांगली दिसते, म्हणजे तोंडावर.

२४ डिसेंबर

दादा. भाजी. या वेळी वालाच्या शेंगा आणि मुळे. पाव बघून हसला. "वंदे, ही तं भाकर झाली." दाबून बघितला, दात लावला, ठेवून दिला.
खोलीला रंग देतोय म्हणाला. रंग कोणता देऊ? कोणताही. पिस्ता देऊ? दे. मशीन न्यायला ओळखीचा टेंपो आहे. खिडकीपाशी ठेव म्हणजे उजेड मिळेल. सगळं त्यानं विचार करून ठेवलंय. दादा चांगला आहे. बाबा गेले तेव्हाही मला त्यानंच सांभाळलं होतं.
आत जाऊन आत्यापाशी बसला. "मावशी, नाशिकला लेकीकडं जाशाल ना? गोदावरी हाय, देवळं हायत."
आत्या म्हणाली, "देव इथं पन होता."
दादा मुळे बघायला उठला.

२६ डिसेंबर

तिसऱ्यांदा गहू. या वेळी माळ्यावर. आ.ला शिडी चढता येत नाही. तिला दिसणार नाहीत.
का करतेय माहीत नाही. जमतो का ते बघायचंय. चोळी कापायला घेतली की पुरी करायची, तसं.

२९ डिसें.

मोड वाळले. मिक्सरला दळले, कुंदाकडे नेऊन. जात्याचा आवाज नको. डबा वेगळा, तोही माळ्यावर. घरात आता दोन डबे.

३१ डिसेंबर

पीठ मळलं. मोडाचं कच्चं पीठ अर्धा चमचा, दुधाची पावडर, व्हि. सी नखाएवढी. फडकं टाकून चुलीच्या उबेला ठेवलं आणि बाहेर गेले. परत आले तर फडकं वर उचललेलं.
साच्याच्या काठावर गेलं. ओव्हनमध्ये आणखी चढलं. काढला, तूप लावलं, थंड होऊ दिला. दाबला तर बोट आत गेलं आणि हळूहळू परत वर आलं. लुसलुशीत. लादीतून ओढला तर धागे निघाले. बेकरीचाच. डोळे मिटून खाल्ला असता तर कळलं नसतं.
जमला.
आत्याला बशीत दिला. तिनं हातात घेतला. दाबला. फिरवला. नाकाशी नेला, लांब केला.
"दुकानातल्यासारका झाला," म्हणाली.
हो, म्हटलं.
"तुझ्या भावाला दे. खूश व्हईल."
आणि बशी सरकवली. चहा प्यायली नाही.
मी ओट्याशी उभ्यानं एक पाव खाल्ला, चहात बुडवून. तोच तो. कल्याणचा, संध्याकाळचा. दुसरा खाल्ला. मग राग आला, फार राग आला. ह्यांचा. रोज हा पाव आणायचात, तो इतका सोपा होता आणि मला कधी विचारलं नाही, मी कधी शिकले नाही. काय बोलतेय मी. राग मात्र आला, एवढं खरं. थोडा वेळ राहिला, मग गेला. मला तो अजून थोडा हवा होता.

१ जानेवारी

आ.: काही नाही. पाणी.
मऊ पाव कुंदाच्या घरी. मुलांनी "बेकरीत नोकरी लागली का काकी" विचारलं.

२ जानेवारी

आ.: पेज एक घास, तो बाहेर.
कालपासून पडूनच. भिंतीकडे तोंड. पुन्हा नोव्हेंबर.
माळ्यावर थोडे मोड आलेले गहू उरले होते, दळायचे राहिलेले. खाली आणले. चूल पेटवली. कढई ठेवली. मीच.
हलवत बसले. वास यायला लागला तसा बाजेवरून आवाज.
"आच कमी कर गो."
कमी केली.
"फुटतील. हलकं हात फिरव. वास सुटला का उतरव."
उतरवले. जात्यावर मीच बसले, खुंटा तिनं बाजेवरून येऊन एका हातानं धरला. जात्यावर दोघी बसल्या की ओढायला हलकं जातं.

३ जाने.

पाव बसका. आ.: एक, झाकून, कालवून. चहा दोनदा.
दादाचा फोन होता. "जमला का?"
"नाही अजून," म्हटलं.
खोटं बोलल्याचं काही वाटलं नाही. तसं कशाचंच वाटत नाही, त्यामुळे हे धरू नये.

५ जानेवारी

वन्संचा फोन. "वंदना, तू जे काय करतेस ते मला लिहून पाठव. जमो न जमो. मी इथे करून बघते. माझ्याकडे मोठा ओव्हन आहे, इकडचा मैदाही चांगला असतो."
लिहून पाठवलं. सगळं. गहू किती, पाणी किती, मोड किती, सावलीत वाळवणं, व्हि. सी, दुधाची पावडर. सगळ्यात शेवटी: मोडाचे गहू भाजू नयेत.
यात खोटं एक अक्षर नाही. मोबाइलमधल्या बाईनं सांगितलेलंच लिहिलं. आत्याचं काही लिहिलं नाही. विचारलं नव्हतं त्यांनी.

८ जाने.

वन्संनी फोटो पाठवला. लादी, तांबूस, फुगलेली, बाजूला त्यांची मुलगी हसतेय. खाली लिहिलं, "पहिल्याच फटक्यात." माझे किती फटके गेले.
दादालाही पाठवला असणार, कारण त्याचा लगेच फोन. "नाशिकला जमला म्हनं. मंग झालं की." संक्रांतीनंतर दुसऱ्या दिवशी वन्सं गाडी घेऊन येणार, पाव करूनच आणणार. आईला आवडला की त्याच गाडीतून घेऊन जाणार. दादाचा टेंपो त्याच्या दुसऱ्या दिवशी. रंग पिस्ताच दिलाय.
"नाही आवडला तर?" मी विचारलं. कसं विचारलं गेलं काय माहीत.
"नाय आवडला तर र्‍हाऊ दे इथंच, मी काय म्हातारीला उपाशी धाडनार हाय? पन आवडंल. लेकीच्या हातचा हाय."

१० जाने.

कुंदा ब्लाऊजचं माप द्यायला आली. हळदीकुंकवाचा. अर्ध्यातच गप्प झाली, टेप माझ्या हातात, तिचा हात वर. "वैनी, तू पन ये." ये म्हणाली हे खरं. मी येणार नाही हेही तिला माहीत. दोघींनी माप पुरं केलं. छाती छत्तीस.

१३ जानेवारी

आत्याची पिशवी भरली. तीन पातळं, शाल, औषधं, चष्मा, बशी. बशी तिनं परत बाहेर काढायला लावली. नाशिकला बशा आहेत म्हणाली. मग स्वतःच पुन्हा आत ठेवली.
"सुनंदा पाव आनतेय ना?"
"हो."
"मऊ?"
"हो. माझ्यापेक्षा चांगला जमलाय त्यांना."
"बघू."
मग थोड्या वेळानं: "गहू घाल गो भिजत."
"आत्या, परवा जायचंय तुम्हाला."
"घाल. भिजायला काय लागतं."
घातले.

१४ जाने.

तिळगूळ. आत्यानं माझ्या हातावर ठेवला, मी तिच्या. गोड बोला वगैरे दोघीही म्हणालो नाही.
गहू उपसून पुरचुंडीत. खुंटीवर.

१५ जानेवारी

वन्सं सकाळीच आल्या. आईला मिठी मारून रडल्या, मग मला. मी धरून उभी राहिले. त्यांचा खांदा ओला, माझा कोरडा.
दादाही आलाय, मुद्दाम. ओटीवर खुर्ची टाकून बसलाय. भाजी आणलेली नाही आज.
वन्संनी डबा उघडला. पाव खरंच छान आहे. माझ्यापेक्षा छान. कापसासारखा. चहा मी केला, बशीत ओतून आत्यापुढे ठेवला. तिनं पाव हातात घेतला. वन्सं समोर गुडघ्यावर बसल्यात, तोंडाकडे बघतायत, लहान मुलाला भरवताना बघतात तसं. दादा दारात येऊन उभा.
आत्यानं पाव दाबला. मग वर माझ्याकडे बघितलं.
मी आत आले. ओट्यावर वही ठेवून हे लिहितेय. गहू खुंटीवर, मोड बाहेर यायला लागलेत, खाली जमीन ओली आहे.
तिनं तो खाऊ नये असं मला वाटतंय. पोटच्या पोरीनं मायेनं केलेला पाव, आणि म्हातारीनं खाऊ नये असं वाटतंय. हे बरं नाही, मला कळतं. तोंडात टाकला तर ती नाशिकला जाईल, तिथे जगेल, जगावी, आणि मला पिस्ता खोली. तरी खाऊ नये. इतक्या महिन्यांत काही हवंसं वाटलं ते हे, असलं.
बाहेर बशी वाजली, सरकवल्यासारखी. उठून पुरचुंडीवर पाणी मारते.